सात खिळे

— पाय मागे घ्या आधी. हां. ती पडद्याची कड आहे, पायपुसणं नव्हे. आणि त्या लाईटच्या स्टँडला टेकू नका, दीपेशराव, माणसाचं वजन घ्यायला नाही केलेला तो. तुम्ही दिव्याचे दीर, पहिल्यांदाच आलात, बसा. पण बारसं तुमच्या घरचं असो नाहीतर राजाच्या — हा फोटोमागचा पडदा स्टुडिओबाहेर जात नाही.

का म्हणजे? घरात कुणी सांगितलं नाही? लग्नात तुम्ही नव्हतात, बोटीवर होतात — मग मीच सांगते. पडदा माझ्या बाबांनी रंगवलाय. परशुराम पेंटर. मालवणातल्या अर्ध्या जुन्या पाट्या त्यांच्या हातच्या. ही कर्लीची खाडी, ही होडी, हे माड — तीन महिने लागले. आता त्यांचा हात असा कापतो की शर्टाचं बटणही लागत नाही. फाटला तर कोण रंगवणार? तुम्ही?

दिव्या माझ्या नणंदेची, सीताताईंची मुलगी, मी तिची मामी. लग्नाच्या सकाळी मी घरी तिचे नटतानाचे फोटो काढतेय, आणि इकडे आमच्या ह्यांनी मला न विचारता पडदा उचलून हॉलवर नेला. जाऊन बघते तर काय — स्टेजच्या फळीवर ठोकलेला! सात खिळे, आरपार. खालची कड सोफ्याच्या पायाखाली. माझ्या लाईटच्या छत्रीवर कुणाचातरी ओला पंचा वाळत — आणि लाईट चालू! ह्यांना म्हटलं, "माका कोणी इचारला?" तर म्हणतात, "भाचयेच्या लग्नाक तुका काय इचारूचा?"

मग? मंगलाष्टकं संपेपर्यंत थांबले, तेवढी अक्कल आहे मला. अक्षता पडल्या आणि चढले स्टेजवर. नवरानवरीला म्हटलं, उठा. चारशे माणसांसमोर एकेक खिळा उपटला. सनई थांबली. सीताताई हात धरून सांगतायत, "वयनी, आज तरी नको गो!" आज नको तर कधी? सगळे उपटले, गुंडाळी केली, गाडीत ठेवली — आणि परत येऊन उरलेले फोटो काढले, मागे नुसती पोपडे आलेली भिंत. काम अर्धं टाकून नाही गेले. लाज? लाज खिळे ठोकणाऱ्याला.

तेव्हापासून बोलणं बंद. दोन गणपती झाले, ताईंनी आरतीला बोलावलं नाही, मी गेले नाही. हे जेवतात घरी, पण इथली पायरी चढत नाहीत. अल्बम न्यायलाही कोणी आलं नाही. मी पुरा केलाय — त्या भिंतीपुढे दिव्या उभी, डोळे पुसतेय, आणि तरी माझ्याकडे बघून हसायला बघतेय. ते पान मी किती वेळा — जाऊ दे. माफी नाही मागणार हां! उद्या परत ठोकला तर परत उपटीन.

— काय? ताईंनी नाही पाठवलं? मग?

दिव्यानं? "मामीकडेच जा" म्हणाली?

…पडदा नाही यायचा. बाळाला घेऊन इथे ये म्हणावं तिला. कधीही ये. — आता निघा तुम्ही. बघताय काय असे? जावा म्हटला ना. माका काम आसा.