साठवरचा काटा

मूर्तिजापूरच्या गॅरेजमध्ये सीमा स्कूटर दुरुस्त होईस्तोवर बाकावर बसली होती. शेजारी म्हातारे डोमाजी. त्यांची गाडी हायवेवर फिरवून मिस्त्री परत आला.

"काका, काटा साठवर ठेवून किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत गेलो. किलोमीटरले एक मिनिट लागाले पायजे होतं. चौपन्न सेकंदच लागले."

"म्हंजे काय बाप्पा?"

"काटा साठ दाखवते, तवा गाडी सदुसष्टनं पयते."

"नीट पायलं ना?"

"तीनदा पायलं. मीटर खराब नाई, टायर मोठे हायेत. एका फेऱ्यात गाडी जास्त पुढं जाते, मीटरले थे समजत नाई. कोणं बसवले?"

"मीच. वावराच्या रस्त्यानं गाडी फसे. अन् पोराले, ललितले, माही शपथ घातली होती, साठच्या वर नाई जाचं."

"मंग वळणावर अपघात झाला तवा..."

"सूनबाई पौर्णिमा त्याच्या बाजूलेच होती. म्हणे, बाबा, काटा साठवरच होता, मी पायत होती. मी म्हटलं, खोटं बोलतं तू."

"कवा म्हटलं?"

"तेरवीले. सगळ्यायसमोर. थ्याच दिवशी पौर्णिमा माहेरी गेली, अकोल्याले."

सीमाची स्कूटर केव्हाच तयार झाली होती. तिनं किल्ली मागितली नाही.

"जुने टायर बसवून देऊ का, काका?"

"वापस आल्यावर बसव. आत्ता अकोल्याले जाऊन येतो. मले सांग, काटा कितीवर ठेवला म्हंजे खरे साठ होतात?"

"चौपन्नवर."

"एवढंच ललितले सांगाले पायजे होतं."