सोमवारचं पाणी

अप्पा : बाटली इकडं दे की. उन्हात धरून बघतो. बघ, नितळ हाय का न्हाय? विद्यापीठात टांगून ठेवा म्हणावं, आमच्या रंगकारखान्याखालच्या नाल्याचं पाणी.

सिद्धेश्वरी : अप्पा, झाकणाच्या आत बोट लावू नका. नमुना बिघडतो.

अप्पा : माझ्या बोटानं बिघडतो व्हय? जन्मभर सूत रंगवलं, एक लडी बिघडली न्हाय.

सिद्धेश्वरी : हात बघा आधी. मनगटापर्यंत निळे झालेत.

अप्पा : चादरीचा निळा हाय, जात न्हाय. जेवायला बसलो की तुझी आई ओरडती. आता तू पण ओरड.

सिद्धेश्वरी : सांडपाण्याचा हौद काठोकाठ भरलाय. आज सोडला नाही?

अप्पा : सोमवार हाय की. सिद्धरामेश्वराचा वार. सोमवारी नाल्यात घाण सोडायची न्हाय.

सिद्धेश्वरी : मी शाळेत होते तेव्हा सोमवारीही नाला लाल वाहायचा.

अप्पा : तवा अक्कल नव्हती. वयानं भक्ती वाढती, अव्वा. तुझं काम झालं न्हवं?

सिद्धेश्वरी : झालं.

अप्पा : मग जा घरी. आणि नागम्माकडनं पालक घेऊ नको. मंडईतनं घे.

सिद्धेश्वरी : का? तिचा ताजा असतो.

अप्पा : तिचं वाफं नाल्याच्या पाण्यावर हायत. माती जड हाय तिथली.

सिद्धेश्वरी : बरं.

अप्पा : तुझ्या मॅडमला आण की एकदा कारखाना बघायला. जाताना चादर देऊ. पोरीचा बाप रंगारी हाय, कळू दे की.

सिद्धेश्वरी : आणेन कधीतरी. निघते आता.

अप्पा : पुढच्या सोमवारी येणार न्हवं?

सिद्धेश्वरी : येणार, अप्पा.

(अप्पांचं क्रियाकर्म आटोपून सिद्धेश्वरी विद्यापीठात परतली आहे. तिच्या मार्गदर्शक वैजयंती मॅडम यांची खोली.)

मॅडम : बस. इतक्यात यायला नको होतंस. प्रबंध थांबला असता.

सिद्धेश्वरी : घरी बसवत नाही.

मॅडम : आई कशा आहेत?

सिद्धेश्वरी : ताटं वाढली की म्हणते, हात धुऊन या. मग तिच्या लक्षात येतं.

मॅडम : हं. काम करायला आलीस ना, मग कामाचंच बोलू. तुझं चौथं ठिकाण परत पाहिलं मी. रंगकारखान्याच्या तोंडाशी इतकं चांगलं पाणी. समितीपुढे हेच उदाहरण ठेवू. छोट्या कारखानदारानं मनावर घेतलं तर नाला राखता येतो.

सिद्धेश्वरी : ते ठिकाण काढायचंय, मॅडम.

मॅडम : का? वर्षभराच्या नोंदी आहेत.

सिद्धेश्वरी : सगळ्या सोमवारच्या आहेत.

मॅडम : मग? वार ठरवूनच नमुने घेतो आपण.

सिद्धेश्वरी : वार मालकालाही ठाऊक होता. मी बाटली घेऊन जायचे त्या दिवशी हौद बंद. मंगळवारी सकाळी दोन दिवसांचं एकदम सोडायचे.

मॅडम : तुला हे कधी कळलं?

सिद्धेश्वरी : पहिल्याच महिन्यात.

मॅडम : आणि तरी तू आकडे भरत राहिलीस. धमकावलं होतं का त्या माणसानं?

सिद्धेश्वरी : नाही. ते माझे वडील होते.

मॅडम : तू तर सुताचा व्यापार म्हणाली होतीस.

सिद्धेश्वरी : पहिल्या दिवशी वर्गात सगळे घरचं सांगत होते. पर्यावरणाच्या वर्गात काय सांगणार होते मी? एकदा म्हटलं, मग तेच राहिलं.

मॅडम : पाणी घे थोडं.

सिद्धेश्वरी : शेवटच्या सोमवारीही हौद अडवून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी बूच काढायला वाकले, ते उठलेच नाहीत. आमच्यात, लिंगायतांत, बसवून पुरतात. स्वामींनी डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं, तर तळहात निळाच. महेश्वरनं, माझ्या भावानं, आंघोळ घालताना किती चोळला होता. तो हात सगळ्यांनी पाहिला. आणि माझ्या बाटल्या इथे कपाटात, नितळ.

मॅडम : ठिकाण काढून टाकलं की मोकळी होशील, असं वाटतंय तुला?

सिद्धेश्वरी : नागम्मा म्हणून एक बाई आहे, नाल्याकाठी भाजी लावते. तिनं मला विचारलं होतं, पाणी चालेल का. मी तिला हेच आकडे वाचून दाखवले. अप्पा मला घरात तो पालक आणू देत नव्हते, आणि मी तिला आकडे दाखवले. काल भेटायला आली ती जुडी घेऊनच. आईला म्हणाली, घ्या, तुमच्या मुलीनं तपासलंय.

मॅडम : मग काढता येणार नाही. पुन्हा घ्यावं लागेल. मंगळवारी. आणि कारखाना कुणाचा, ते लिहावं लागेल.

सिद्धेश्वरी : लिहिते. नागम्माकडे आजच जाते.

मॅडम : ते न चुकता कर आधी. कारखाना आता कोण बघतं?

सिद्धेश्वरी : महेश्वर.

मॅडम : त्याला सांगणार आहेस?

सिद्धेश्वरी : काय निघालं ते सांगेन. नमुन्याचा वार नाही सांगणार. तोही अप्पांचाच मुलगा आहे.

मॅडम : तुला माहीत आहे, हे तुझ्या वडिलांना कळलं असेल का गं?

सिद्धेश्वरी : असेल. म्हणून तर सिद्धरामेश्वराचं नाव घ्यायचे. आणि मी बरं म्हणायचे.

मॅडम : काय म्हणायचं होतं तुला?

सिद्धेश्वरी : अप्पा, सोडा हौद. मी बाटली भरून घेते.