ओरिजनल क्लच वायर

नाही, मिस्टरांना नाही पाठवणार. का पाठवू? सकाळी वायर न्यायला कोण आलं होतं? मीच ना? तेव्हा नाही विचारलंत मिस्टर कुठंयत म्हणून. तेव्हा या ताई, घ्या ताई, एकदम ओरिजनल ताई — आणि आता परत घेऊन आले तर म्हणे लेडीज लोकांना पार्टमधलं काय कळतं, मिस्टरांना आणा, समोरासमोर बोलू. अहो शेठ, समोरासमोरच उभी आहे की मी, अर्धा तास झाला! ह्या एका वायरपायी आज दोनदा अंबरनाथवरून तुमच्या ह्या कॅम्प चारच्या बाजारात आले, दोन्ही वेळा शेअर रिक्षात मागच्या सीटवर चौथी म्हणून कोंबून घेऊन — घरी भाजी चिरून तशीच पडलीय, पोरगी शाळेतून येऊन शेजारी अंजनाकडे बसलीय — हौस आहे का मला? ते फोन करणार आहेत पाच वाजता, इथेच, तुमच्या दुकानात. बिलावर नंबर छापलाय ना तुम्ही, त्याच्यावर. तुला शेठ उडवून लावेल म्हणाले, मी बोलतो त्यांच्याशी. तेव्हा काय ते त्यांच्याशी बोला. तोपर्यंत मी काही हलत नाही इथून.

सीलपॅकचं तर मला सांगूच नका. मागची पण सीलपॅक होती. गेल्या बुधवारी नेली, आणि काल तुटली — आठ दिवसही धड नाही टिकली. आणि तुटली तर कुठे तुटावी? बदलापूरला जाताना, ऐन चढावर, मागे डंपर हॉर्न मारतोय. लिव्हर दाबला तर हातात काहीच नाही, नुसता ढिला, गाडी गिअरमध्ये तशीच — मी कशीबशी कडेला घेतली, आणि तिथून दोन किलोमीटर उन्हातून ढकलत, मी हँडल धरलेलं आणि हे मागून — काय? नाही नाही, तेच चालवत होते. मी म्हटलं का 'मी'? ... बरं, म्हटलं असेल. मीच चालवत होते. मग? त्यात काय एवढं? लायसन आहे माझं. कल्याणला जाऊन ह्याच गाडीवर आठचा आकडा काढून दाखवलाय मी. तिथला माणूस म्हणाला, ताई स्कुटी आणायची ना, म्हटलं आमच्या घरात हीच आहे, हिच्यावरच घ्या टेस्ट. पाय पण नाही टेकवला एकदा. तेव्हा उगाच लेडीज लेडीज करू नका.

कशावरून डुप्लिकेट म्हणजे? बोटावरून. हसा, हसा. अहो, ते पाकीट फोडतात, आतली तार घेतात आणि दोन बोटांच्या चिमटीतून हळूहळू सरकवतात, अशी. ओरिजनल असली की सुळ्ळकन जाते. तुमची ही जागोजागी अडते, बारीक कुसळ लागावं तशी टोचते. आणि टोकाला ती गोळी असते बघा, लिव्हरच्या खाचेत बसते ती — ओरिजनलची गुळगुळीत असते, हिला कड तशीच ठेवलीय, ती कडच तारेला कापते आतल्या आत. एका मिनिटात सांगितलं त्यांनी, अस्मिता, ही पण कालच्या तारेचीच बहीण आहे, जा, परत दे. सात वर्षं झाली गाडीला. प्लग, लायनर, चेन, सगळं स्वतः बसवतात, कुठल्या मेकॅनिकला हात लावू देत नाहीत. आणि पार्ट ओरिजनलच लागणार, नाहीतर गाडी उभी राहिली तरी चालेल. मागच्या वर्षी ब्रेकच्या लायनरसाठी बारा दिवस उभी ठेवली होती, बारा दिवस! मी म्हटलं, अहो लावा ना कुठलाही, चालतंय की लोकांचं. म्हणाले, ब्रेक आणि क्लच ह्यात 'चालतंय की' नसतं. आणि तुम्ही — आता परत तो होलोग्राम नका दाखवू मला! आहे तर आहे! तिरका करून चमकवताय कोणासाठी, त्यांना होलोग्राम कुठला दिसायला —

... पाणी नको. नाही, म्हणजे, चष्मा लागलाय त्यांना. एवढंच.

असे बघू नका हो माझ्याकडे. चष्म्याचं नाहीये. आग लागो ह्या तोंडाला माझ्या, सहा महिने सासूला कळू दिलं नाही, सख्ख्या भावाला कळू दिलं नाही, आणि तुमच्या काउंटरवर येऊन — द्या, ते स्टूल द्या इकडे. बसते दोन मिनिटं. आणि शेठ, हात जोडते, हे ह्या दुकानाबाहेर नको. ते औषधांच्या डिस्ट्रिब्युटरकडे आहेत, बदलापूर आणि पुढची सगळी गावं, प्रत्येक मेडिकलमध्ये जाऊन ऑर्डर घ्यायची. त्यांच्या साहेबाच्या कानावर गेलं ना, तर संपलं. ऑर्डर घ्यायला गाडी लागते, आणि गाडीला डोळे लागतात.

मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. डोळ्याचा पडदा सुकत चाललाय म्हणे आतून. औषध नाही, ऑपरेशन नाही. आधी रात्रीचं गेलं, मग बाजूचं गेलं, आता समोरचंही धुरकट झालंय. पण माणूस एवढा पक्का, कोणाला पत्ता नाही. ऑर्डरवहीत स्केचपेनने हे एवढाली अक्षरं काढतात, संध्याकाळी मी बसून नीट उतरवून काढते. आणि गाडी कशी काढतो ऐका. चाळीच्या गल्लीतून हेच चालवतात — सगळे दारात असतात ना, सासूबाई ओट्यावर बसलेल्या. गल्ली सरळ, त्यांना पाठ. मी मागे. डावीकडे घ्यायचं तर डाव्या बरगडीत बोट, उजवीकडे तर उजव्या, थांबायचं असेल तर दोन्हीकडे. असं पालेगावपर्यंत. तिथे त्या नव्या बिल्डिंगा चालल्यात ना, त्यांनी पत्रे लावलेत रस्त्याच्या कडेने, त्या पत्र्यांआड थांबायचं, मी पुढे येते, ते मागे जातात. बदलापुरात मेडिकलच्या अलीकडे परत अदलाबदल. आणि मेडिकलवाले काय म्हणतात माहितेय? काय बुद्धभूषणराव, वहिनी पाळत ठेवून असतात वाटतं तुमच्यावर! हे हसतात. मी पण हसते. काय करणार? रोज हसते मी, दुकानाबाहेर उन्हात उभी राहून, डिकीवर हात ठेवून.

चाललं असतं हो तसंच. पण तो नवा साहेब आलाय ना, विनीत साहेब म्हणून, नुकतं मिसरूड फुटल्यासारखा आहे. त्याचा फोन आला आज सकाळी. उद्या दिवसभर तुमच्याबरोबर फिरतो, तुमच्याच गाडीवर मागे बसतो, सगळा एरिया बघू. झालं. आता मी कुठे बसू? साहेबाच्या मांडीवर? म्हटलं, सांगा त्यांना, रिक्षाने जाऊ. तर म्हणाले, रिक्षाने गेलो तर त्याला शंका येईल, सात वर्षं ह्या रस्त्याने जातोय, रस्ता पाठ आहे मला, फक्त क्लच नीट पाहिजे, क्लच नीट असला की गाडी हातात राहते. मी म्हटलं रस्ता पाठ असतो, डंपर पाठ असतो का? बोलायचं नसलं की ते प्लग काढून घासत बसतात. मग काय, मला पाठवलं वायर आणायला. आणि मी पण वेड्यासारखी आले, एकदा नाही, दोनदा!

आणि गल्ली पाठ आहे, गल्ली पाठ आहे म्हणतात — अंजनाचा निळा ड्रम आहे पाण्याचा, आमचं लग्न झालं तेव्हापासून तो तिथेच आहे, एक इंच हललेला नाही. गेल्या सोमवारी ह्यांनी धाडकन गाडी त्याच्यावर घातली. मी बोट लावेपर्यंत लागलीच. ड्रम आडवा, पाणी गल्लीभर, अंजना ओरडत बाहेर आली, हे उलटे तिलाच म्हणतात, ड्रम मधे ठेवता कशाला? सगळे हसले. मी नाही हसले. त्या ड्रमच्या मागे तिची पोर बसली होती शेठ, भातुकली मांडून. एवढं, हे एवढं अंतर होतं चाकात आणि तिच्यात. त्यांना सांगितलं नाही मी. आजपर्यंत नाही सांगितलं. ती पोर आपल्या भांड्यांत पाणी गेलं म्हणून रडत होती, त्यांना वाटलं ड्रमसाठी रडतेय.

आता कुठे चाललात? शेठ? ... वर काय चढताय? ... हे काय? कुठून काढलीत ही? वरच्या फळीवरून? म्हणजे होती! सकाळपासून होती, आणि मला खालचीच गळ्यात मारलीत! मी इथे बोंबलतेय दोन-दोन फेऱ्या मारून आणि ओरिजनल आपली फळीवर आरामात — लाज वाटते ना? वाटते तेवढं बरं आहे. आणा इकडे. नाही, पाकीट मीच फोडते. मला येतं. त्यांनीच शिकवलंय, डोळे मीट म्हणतात, डोळे उघडे असले की बोटं आळशी होतात.

...

जाते हो. सुळ्ळकन जाते. कुठे अडत नाही. गोळी पण गोल आहे, कड नाही, काही नाही. चांगली आहे. खरी आहे.

...

बांधू नका. जरा थांबा. थांबा म्हटलं ना.

ही नेली तर सात वाजेपर्यंत बसवून मोकळे होतील. त्यांना दिवासुद्धा लागत नाही त्यासाठी. लिव्हर दहा वेळा दाबून बघतील, मला पण दाबायला लावतील, बघ कसा लोण्यासारखा चालतोय म्हणतील. आणि सकाळी नऊ वाजता तो विनीत साहेब इस्त्रीचे कपडे घालून मागे बसेल. त्याच्या बरगडीत बोट घालायला मी नसणार. आणि तो काय बोट घालणार आहे ह्यांना? तो फोनवर बोलत बसेल मागे. त्याला काय माहीत पुढच्याला दिसत नाही ते! त्याची पण आई असेल की कुठेतरी.

आणि ही नेली तर? ही हो, ही तुमचीच, खालची. ही ते बसवणार नाहीत. मेले तरी बसवणार नाहीत — काय बोलतेय मी! — म्हणजे जीव गेला तरी डुप्लिकेट क्लचवर साहेबाला बसवणार नाही तो माणूस. चिडतील. तुम्हाला शिव्या देतील, मला देतील, हत्यारांचा डबा उघडून जुनी तार परत जोडता येते का बघतील. नाही जोडता यायची, माझ्या डोळ्यांसमोर दोन तुकडे झालेत तिचे. आणि मग सकाळी स्वतःच फोन करतील, सर, गाडी पार्टसाठी उभी आहे, आज रिक्षाने करू. पार्टसाठी उभी असलेल्या गाडीत कोणाला शंका येते? सगळ्यांच्याच उभ्या असतात.

परवा? परवाचं नका विचारू मला. परवा मी सांगेन त्यांना. पोरीचं पण सांगेन, ड्रमच्या मागच्या. साहेबाला काय सांगायचं ते पण मग दोघं मिळून ठरवू, ऑफिसात बसून करायचं काहीतरी काम देतील, नाही देतील — सांगेन हो मी! आज नाही. उद्याच्या दिवसात तेवढं कोणी मरायला नको, एवढंच बघतेय मी.

ही ठेवा परत वर. तिथे नाही, अजून आत, डब्यांच्या मागे. आणि माझं पाकीट द्या इकडे. हेच, फाटलेलं. होलोग्रामवालं.

... वाजला बघा. पाच. घड्याळ दिसत नाही तरी मिनिट चुकत नाही.

उचला ना! काय सांगू म्हणजे काय? सांगा, ओरिजनल नाही. माझ्याकडे नाही, सगळ्या कॅम्पात नाही, पुढच्या आठवड्यात बघू. एवढंच. अहो आता कसला विचार करताय, आजवर एवढ्यांना आहे आहे म्हणून सांगितलंत, एकाला नाही म्हणून सांगा! नाही, मला नका देऊ रिसीव्हर. नको, शेठ, खरंच नको. माझं खोटं त्यांना लगेच कळतं, बोट पण लावावं लागत नाही.

उचला. बोला तुम्ही.