रॅम्पवरचा मोर

मला रांगोळीनं अडवलं, हे सांगितलं तर आमच्या पळसदेवात एकालाही खरं वाटत नाही. बारामतीला दिव्यांगांच्या हक्कांचं शिबिर होतं. माझी जाऊ मंगल व्हीलचेअर ढकलत मला घेऊन गेली. गावच्या रेशन दुकानाला रॅम्प बांधा, हे मला साहेबांपुढं बोलायचं होतं. मला चहाला बसवून मंगल कुठं गेली कुणास ठाऊक. चहा संपवून बघते तर हॉलच्या रॅम्पभर रांगोळीचा मोर, पिसाऱ्यासकट!

शिबिराचे सर आडवे आले. “ताई, साहेब येईपर्यंत थांबा. मोर मोडेल.”

“साहेबाला पायऱ्या हायत की! मला हीच एक वाट हाय.”

“पण एवढी सुंदर काढलीय हो...”

“मग मोरालाच द्या माईक. मंगल, ढकल गं!”

मंगल एव्हाना परत येऊन शेजारीच उभी होती, पण जागची हलेना. मग मीच चाकं रेटली आणि मोरावरनं आत गेले. साहेब आले, मी रॅम्पचं बोलले. साहेबांनी फरशीवरचे चाकांचे रंगीत पट्टे बघितले. “रॅम्पवर रांगोळी? अक्कल कुणाची ही?”

सरांनी गुमान माझ्या खुर्चीमागं बोट दाखवलं. तिथं रंगानं माखलेले हात पदरात लपवून उभी होती आमची मंगल.