एकशिंगीशी बोलणारा माणूस

(उलानबाटारच्या उत्तरेला, टेकडीवरची वस्ती. ऐन हिवाळ्यातली दुपार. म्हाताऱ्या पगमाचं गेर, म्हणजे नमद्याचं, दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचं गोल घर. बाहेर हिवाळी मदतीचा ट्रक उभा आहे आणि त्याच्याबरोबर आलेली देलगेरमा आत येऊन बसली आहे.)

देलगेरमा : गवत? काकू, मी कोळसा आणलाय, पीठ आणलंय, घराला बाहेरून गुंडाळायला नवा नमदा आणलाय, आणि तुम्ही म्हणता गवत द्या?

पगमा : कोळसा नकोच असं कुठं म्हणतेय मी? दोन पोती कमी टाक, त्याच्या बदल्यात गवताचा एक गठ्ठा दे. झालं.

देलगेरमा : बाहेर पापण्या गोठतायत. असल्या थंडीत कोळसा कमी मागणारं घर मला या टेकडीवर आजवर भेटलेलं नाही. गवताचं करणार काय?

पगमा : बुटात घालते. पाय गरम राहतात.

देलगेरमा : अख्खा गठ्ठा? उंटाला बूट घालताय का?

पगमा : उरलेलं गादीत भरीन. तुला काय करायचंय गं? मदत द्यायला आलीस का चौकशी करायला?

देलगेरमा : दोन्ही. माझ्या या नाक खुपसायच्या सवयीमुळेच घेतलं मला या कामावर. कोण खोकलं?

पगमा : मी.

देलगेरमा : तुमच्या तोंडाला तर चहाचा वाडगा आहे.

पगमा : चहा पिताना माणूस खोकत नाही?

देलगेरमा : आवाज त्या पेटाऱ्यामागून आला.

पगमा : आमचा म्हातारा झोपलाय तिथं.

देलगेरमा : मी आत येताना तर म्हणालात, काका बाजारात गेलेत.

पगमा : मग त्याचा भाऊ असेल.

देलगेरमा : असेल? काकू, भावाची शेपटी दिसतेय मला. हलतेय पण.

पगमा : बरं, बघ. बघून घे एकदा. ये गं भवाने, ये बाहेर. नको त्या वेळी खोकायची हौस तुला!

देलगेरमा : अगंबाई! शेळी! आणि केवढी मोठी! एक शिंग कुठं गेलं?

पगमा : मोडलं. दुसऱ्याच्या कुंपणात घुसताना. म्हणून एकशिंगी म्हणतो आम्ही तिला. आता सांग, वॉर्डाच्या कचेरीतल्या माणसाला जाऊन सांगणार का तू? वस्तीत जनावर ठेवायला बंदी आहे, ठाऊक आहे मला. घेऊन जातील का तिला?

देलगेरमा : खालच्या घरातल्या बाईनं आधीच सांगितलंय त्याला. म्हणाली, वर कुणीतरी बकरीसारखं रडतं. तो म्हणाला, तू जातेसच आहेस तर बघून ये.

पगमा : मग मदतीचा ट्रक हे निमित्तच म्हण की!

देलगेरमा : नाही हो काकू. ट्रक खरा आहे, कोळसा खरा आहे. पण एक सांगा, तुम्ही मूळचे पशुपालक. जनावरं कापून खाणारी माणसं. घरात मांस दिसत नाही, पीठही तळाला गेलंय. मग ही अजून जिवंत कशी?

पगमा : तू शहरात जन्मलीस?

देलगेरमा : शहरातच. आई शाळेत शिकवायची.

पगमा : मग तुला झुद, म्हणजे कळपच्या कळप मारणारा हिवाळा, बातम्यांतूनच ठाऊक. आम्ही तीनशेच्या वर जनावरं राखून होतो. गेल्या हिवाळ्यात आधी मोप बर्फ पडलं. मग मधेच ऊन आलं, बर्फाचं पाणी झालं. आम्ही म्हटलं, सुटलो. आणि पुन्हा थंडी आली. सगळ्या कुरणावर काच बसली बघ. गवत खाली दिसायचं, पण तोंड पोचायचं नाही. खरवडून खरवडून मेंढ्यांच्या तोंडातून रक्त यायचं. सकाळी बाहेर जावं तर घोडे उभे असायचे. वाटायचं, आहेत. हात लावला की कळायचं, उभ्याउभ्याच गेलेत.

देलगेरमा : आणि ही वाचली.

पगमा : ही चोरटी! दाराची कडी नाकानं उघडून घरात शिरायची आणि आमचं पीठ खायची. म्हातारा काठी घेऊन मागं धावायचा. आयुष्यात कुठल्या जनावराचा राग केला नसेल त्यानं, फक्त हिचा केला. कळप चुकवायची, दुसऱ्यांच्या मेंढ्यांत जाऊन भांडणं लावायची. दर शरदात म्हणायचा, यंदा हिला विकतो. चांगली चांगली गेली सगळी, आणि मागं काय उरलं तर हे.

देलगेरमा : मग इथं आल्यावर तरी विकायची.

पगमा : नाही विकता येत.

देलगेरमा : का पण?

पगमा : तू चहा घे. निवतोय.

देलगेरमा : काकू, मला आता रात्री झोप नाही येणार. का नाही विकता येत?

पगमा : …मेलेली जनावरं न्यायला वसंतात ट्रक आला. म्हातारा एकेक उचलून चढवत होता. शेवटचं चढवलं, हात झटकले आणि घरात येऊन बसला. त्या दिवसापासून बोलायचा बंद झाला. ना हो, ना नाही. जेवण वाढलं तर जेवतो. सामान बांधलं तर उचलतो. माझ्या धाकट्या बहिणीनं तिच्या अंगणात जागा दिली म्हणून इथं आलो, तर वाटभर एक शब्द नाही. डॉक्टर म्हणाला, घसा ठीक आहे.

देलगेरमा : एवढे महिने?

पगमा : ऐक की. इथं येऊन थोडे दिवस झाले होते. मी पाण्याचा कॅन घेऊन परत आले, तर आतून पुरुषाच्या बोलण्याचा आवाज. मला वाटलं, गावाकडून कुणी पाहुणा आला. मी कॅन खाली ठेवला, डोक्याचा रुमाल नीट बांधला, आणि हसत आत शिरले. पाहुणा कसला! म्हातारा आणि शेळी. तिनं त्याच्या टोपीची कानपट्टी खाल्ली होती, आणि तो तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता.

देलगेरमा : म्हणजे बोलत होते!

पगमा : शेळीशी. मला बघितलं आणि गप्प. तेव्हापासून असंच. मी आत असले की नाही बोलत. म्हणून मी पाण्याला जाते. सारखी जाते. जाते आणि भिंतीला लागून बाहेर उभी राहते.

देलगेरमा : म्हणून गाल असे काळे पडलेत होय! मी मघापासून विचार करतेय, घरात बसणाऱ्या बाईचे गाल थंडीनं करपले कसे. काय बोलतात हो?

पगमा : काय बोलेल? वारा कुठून सुटलाय ते सांगतो. जुन्या घोड्यांची नावं घेतो. शिव्या देतो. कधी कधी तिला विचारतो, आणि मग तिच्या वतीनं आपणच उत्तर देतो. तू हसू नकोस.

देलगेरमा : नाही हसत. काकू… तुमचं डोकं दुखतं का?

पगमा : सकाळी दुखतं. उलटीसारखं होतं. वयच झालं.

देलगेरमा : वय नाही. माझंही आत्ता दुखायला लागलंय. ती छपराची झडप बंद का आहे? आणि धुराड्याभोवती एवढे नमद्याचे तुकडे कोंबलेत ते?

पगमा : हिचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. दाराच्या फटीही बुजवल्यात मी.

देलगेरमा : अहो, आवाजाबरोबर कोळशाचा वायूही आतच राहतो! त्याला वास नसतो, रंग नसतो. खालच्या गल्लीतलं एक घर गेल्याच हिवाळ्यात झोपेत गेलं. दोरी कुठंय झडपेची? सोडा ती. सोडा म्हणते ना!

पगमा : अगं, ती ओरडेल, सगळी टेकडी ऐकेल!

देलगेरमा : ऐकू दे. ओढा तुम्ही तिकडून. हां… आली हवा. श्वास घ्या जरा. ते तुकडेही काढा. हे बघा, हिनंसुद्धा मान वर केली.

पगमा : थंडी किती आली बघ.

देलगेरमा : म्हणून तर कोळसा आणलाय. तोच तुम्ही परत करताय! कोण आलं? काका का?

पगमा : या… या. ही मदतवाली देलगेरमा. कोळसा घेऊन आलीय. हा आमचा नामजिल. बाजारात भाजीवाले कोबीची बाहेरची पानं टाकून देतात, ती गोळा करून आणतो एकशिंगीसाठी. बसा तुम्ही. झडप मी उघडली… म्हणजे हिनं उघडली. रागावू नका.

देलगेरमा : नमस्कार काका. काका, तुमच्याकडं मी… अहो! अहो, माझा हातमोजा! सोड! काकू, गिळतेय ती!

नामजिल : थुंक! थुंक म्हणतो ना, चेटकिणी! पाहुण्याची वस्तू खातेस? तुझ्या आईनं हेच शिकवलं तुला? उघड तोंड! आणि लोकर असती तरी एक वेळ ठीक, प्लास्टिक आहे ते, आतडी गुंडाळतील तुझी!

देलगेरमा : राहू द्या काका. माझ्याकडं दुसरा जोड आहे.

पगमा : आता नाही बोलायचा. बघितलंस? चेहरा कसा बंद झाला. अशीच गत.

देलगेरमा : बरं. मग मी काकांशी बोलतच नाही. मी हिच्याशी बोलते. ऐक गं एकशिंगे. इथं तुला राहता यायचं नाही. मी नाही सांगितलं तरी खालची बाई सांगणार. पण वस्ती संपते त्याच्या पुढं, दरीच्या तोंडाशी, आमच्या लोकांनी एक गोठा घेतलाय. झुदमध्ये ज्यांचं सगळं गेलं आणि एखाददुसरं जनावर उरलं, त्यांची जनावरं हिवाळाभर तिथं ठेवतात. कुणाची गाय आहे, कुणाच्या दोन मेंढ्या. गवत आम्ही पुरवतो.

पगमा : नको. ती गेली तर… पोरी, मी तुला सगळं सांगितलं, आणि तू तिलाच न्यायला निघालीस?

देलगेरमा : काकू, एकटीला कोण नेतंय?

नामजिल : एकशिंगे. विचार तिला, गोठ्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे.

देलगेरमा : दक्षिणेला. मागं टेकडी आहे.

नामजिल : हं. वायव्येचा वारा अडेल. विचार, कुत्रा आहे का?

देलगेरमा : एक आहे. म्हातारा आहे, आणि एका कानानं ऐकत नाही.

नामजिल : म्हणजे नसल्यातच जमा. लांडगे उतरत असतील. विचार, पाण्याचं काय करतात?

देलगेरमा : विहीर आहे, पण वर बर्फ धरतं. रोज फोडावं लागतं. आणि खरं सांगू का गं एकशिंगे, फोडायला माणूसच नाही. तिथं आहेत त्या दोघी बायका आणि एक कमरेनं वाकलेला गडी. जनावरांतलं कळणारं कुणी मिळालं तर आम्हाला हवंय. सकाळची बस खालच्या चौकातून सुटते, संध्याकाळी परत येते. दुपारचं जेवण तिथं.

नामजिल : ही भांडकुदळ आहे. आधीच सांगून ठेव त्यांना.

देलगेरमा : सांगते. भांडकुदळ जनावरं बरीच आहेत तिथं. मालक पण.

पगमा : तुला… तुला कधी न्यायचंय हिला?

देलगेरमा : उद्या सकाळी ट्रक रिकामा जातोय त्या बाजूला. दोघांनाही घेऊन जाईल. पटलं नाही तर संध्याकाळी दोघंही परत. वॉर्डातल्या माणसाला आज मी एवढंच सांगेन, की वरच्या घरात खोकला होता, औषध दिलं. काकू, कोळसा सगळा उतरवून घेतेय हं, एक पोतं कमी नाही. आणि झडप रात्रीसुद्धा थोडी उघडीच ठेवा. ड्रायव्हर हॉर्न मारतोय. येते मी. येते काका.

पगमा : थांब, वाळलेलं दही घेऊन जा खिशात. घे, नाही म्हणू नकोस. सांभाळून उतर, पायऱ्यांवर बर्फ आहे.

(देलगेरमा जाते. नामजिल दार ओढून घेतो.)

पगमा : गेली. नाक खुपसणारी आहे, पण बरी आहे.

नामजिल : एकशिंगे. ऐकलंस ना सगळं? उद्या तिथं नीट वागायचं. पहिल्याच दिवशी कुणाचं पीठ नाही खायचं. आणि त्या कुत्र्याला… ए. ए एकशिंगे.

पगमा : झोपली ती. ताजी हवा लागली ना. उठवू का?

नामजिल : नको.

पगमा : मी जाते मग पाण्याला.

नामजिल : कॅन भरलेला आहे.

पगमा : …हो का? असेल.

नामजिल : रोज भरलेलाच असतो. तरी जातेस. बर्फावर तुझे बूट करकरतात, पगमा. दारापासून चार पावलं जातात आणि थांबतात.

पगमा : तुम्हाला ऐकू यायचं? मग गप्प का नाही झालात तेव्हा?

नामजिल : गप्प कशाला होऊ? मी उलट जरा मोठ्यानंच बोलायचो. नमदा जाड असतो.

पगमा : …सरका थोडं. चुलीजवळ बसू दे मला. हां. आता हळू बोललात तरी चालेल.