दाढेतली लवंग

"या मास्कानं लवंगेचा वास माह्याच नाकात भरून राहिला वं, अस्मिता."

सक्करदऱ्यातल्या दातांच्या दवाखान्याबाहेर, कडुलिंबाखाली, सासू-सुना दूरदूरच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. मी तिसरीवर, सुजलेला गाल धरून.

"काढा ना मग ती लवंग, आई. डॉक्टर आता दाढच काढतीन."

"राहू दे. डोळा लागला की या वासासंगं माहे मालक येतात, तुझे मामाजी. काल अंगणात बसून चहात टोस्ट बुडवून राहिले होते. मले म्हणे, तू पण घे."

"मास्क वर घ्या, आई."

"टोस्ट नरम होता. दाढ दुखलीच नाही."

"ऐका. घरी कोणाले कोरोना झाला होता का विचारलं, तर नाही म्हणायचं."

"काहून?"

"मागच्या दवाखान्यात खरं सांगितलं, तर दारातूनच परत पाठवलं. रात्ररात्र कण्हता तुम्ही."

दार उघडून नर्सनं विचारलं, "यमुताई? घरात कोणाला कोरोना झाला होता?"

"नाही, मॅडम. कोणालेच नाही," अस्मिताच बोलली.

"झाला होता, बाई. माह्या मालकाले."

"आई!"

"दाढ राहिली तर राहू दे, अस्मिता. त्यायले काही झालंच नाही, असं मी नाही म्हणत. ते वारले."