मामंजींच्या अंगावरची राख

का गं बायांनो, घरातली ओल घालवायला तुम्ही कधी राख पसरली आहे का? मी नवी सून म्हणून प्रकाशा या तीर्थाच्या गावी आले, तेव्हा श्रावणात मातीच्या भुईला ओल सुटायची आणि अंथरुणांना कुबट वास यायचा. म्हणून एका दुपारी मी चुलीची राख चाळून बिनखिडकीच्या माजघरात चांगली जाड पसरली.

मामंजी शेतातून घामाघूम आले, सदरा काढला आणि अंधारात तिथेच आडवे झाले. उठले ते तसेच उघड्या अंगाने ओट्यावर गेले. अंगभर राख! मी दाराआड लपले. मामंजींचा राग असा, की आता माझी माहेरी रवानगी नक्की.

तेवढ्यात देवळाकडे निघालेल्या दोन बायका हातातला नारळ पुढे ठेवून त्यांच्या पायाच पडल्या. "बाबा, आशीर्वाद द्या!"

मामंजींनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं आणि गरजले, "हाई राख कोणी टाकी?"

सासूबाई दारातून हळूच म्हणाल्या, "चूप बसा! नारळ येई ऱ्हायना."

मामंजींनी मुकाट्याने हात वर केला. अंधार पडेपर्यंत ते ओट्यावरून हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी सदरा न घालताच चुलीपाशी आले आणि मला म्हणाले, "पोरी, राख चाळेल शे का?"